पाच ज्वारी, पाच भाकरी

दिवाळीला पुतण्या अमेरिकेहून आला होता. तिकडं त्याच्या मित्रमंडळीत एक खेळ चालतो म्हणे. निरनिराळ्या भागातल्या व्हिस्क्या आणायच्या, बाटल्या झाकायच्या, घोट घोट घ्यायची आणि कोणती कुठली ते ओळखायचं. बर्बन म्हणायची तर धान्यात निदान 51 टक्के मका लागते आणि आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिपात ठेवावी लागते. टेनेसीवाले पिपात भरायच्या आधी मॅपलच्या कोळशातून गाळतात. राय व्हिस्कीला राय नावाचं धान्य 51 टक्के पाहिजे. मला ऐकून मजा वाटली, कारण हे सगळं शेवटी धान्याशीच येतं. पण आमच्या घरात माळ आहे, बाटलीचा विषय नाही. म्हणलं, आपण हाच खेळ ज्वारीवर खेळू.

खरं सांगायचं तर मला जिंकायचंच होतं. 2024 ला जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मागच्या हंगामात मी माझी ज्वारी 'दगडी' म्हणून किलोमागं दहा रुपये जास्त घेऊन विकली. घेणाऱ्यांपैकी बरेचजण हे पान वाचतात. म्हणूनच लिहितोय.

पाच नमुने झाले. माझी दगडी. मंगळवेढ्याची मालदांडी, पाव्हण्यांनी आणलेली. शेजाऱ्याची परभणी मोती. दुकानातली पाकिटातली, तिचं गाव कोणालाच माहीत नाही. आणि खरिपाची संकरित, पावसात सापडून काळी पडलेली. सगळी एकाच दिवशी एकाच गिरणीत दळून आणली, कारण शिळ्या पिठाची विरी जाते आणि मग चांगली ज्वारीसुद्धा बदनाम होते. भाकरी एकटीनं घरधनिणीनं थापल्या. कोणत्या टोपल्यात कोणती, हे फक्त तिलाच ठाऊक. टोपल्यांवर कोळशानं नंबर टाकले. खायला आठ जण. माय, पुतण्या, भावकीतले चौघं, गावात राहायला आलेले निवृत्त कृषी सहायक आणि मी.

आधी नुसती कोरडी भाकरी, मीठसुद्धा नाही. मग पिठल्याबरोबर. आणि तोच तुकडा संध्याकाळी गार झाल्यावर परत. गार भाकरीनंच खरं काय ते कळतं, शेतात फडक्यात बांधून नेणाऱ्याला हे सांगायला नको.

काळी संकरित सगळ्यांनी पहिल्याच घासाला ओळखली. माय म्हणली, "ही मिलोची बहीण." 72 च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळायची, तिची चव मायच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. पुतण्या म्हणला, "आजी, म्हणजे अमेरिकेचा माल तू माझ्या आधी चाखला." सगळे हसले. पाकिटाची भाकरी गरम असताना बरी लागली, संध्याकाळी मात्र कातड्यासारखी झाली. मोतीचा पदर छान सुटला, दिसायला पांढरीफेक, दोघांनी तिला पहिला नंबर दिला.

आता राहिल्या दोन आणि चार. चार नंबर गोडसर, गार झाली तरी मऊ. मी छाती ठोकून सांगितलं, ही माझी. घरधनिणीनं कागद उघडला. चार नंबर मंगळवेढ्याची. माझी दोन नंबरची होती, आणि आठ जणांच्या मतांत ती तिसरी आली. बरं, तिसरी आल्याचं काही नाही. ज्याची त्याची जीभ. पण मायनं दोन नंबरचा तुकडा परत तोंडात टाकला, बराच वेळ चावला आणि म्हणली, "बापू, ही आपली जुनी दगडी न्हाई. लई मवाळ झालीय."

सहायकसाहेबांनी सुपात दाणे मागवले. तळहातावर चोळले, एकेक दाताखाली धरला. काही दाणे खडा फुटावा तसे कटकन फुटले, काही सहज पिचले. म्हणाले, "यात मालदांडी मिसळलीय, थोडीथोडकी नाही." नंतर मी डोक्यात मागचा फड आठवू लागलो. गच्च कणसांत मोकळी कणसं होती, ती मला दिसली होती. मी म्हणायचो, पाणी कमी पडलं असंल. बांधाला लागून शेजाऱ्याची मालदांडी आठ वर्षं आहे. ज्वारी बहुतेक आपल्याच परागावर दाणा भरते, पण वाऱ्यानं थोडा परपराग होतोच. त्याहून मोठं कारण मळणीयंत्र. ते आधी दुसऱ्याच्या खळ्यावर जातं, मग माझ्याकडं येतं, आणि त्याच राशीतून मी बियाणं ठेवत आलो.

जालना म्हणजे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 ला इथंच महिको काढली, आणि त्याच साली सीएसएच-1 ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. पिशवी विकत घेतली तर शुद्धतेसाठी कंपनीला जाब विचारता येतो. घरच्या बियाण्याचा जाब कोणाला विचारणार? तिथं मीच कंपनी.

मानांकनाचंही सहायकसाहेबांनी समजावलं. ते जिल्ह्यातल्या प्रत्येकाच्या पोत्याला आपोआप लागत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, तेव्हाच ते नाव लावून माल विकता येतो. मी नोंदणी केलेली नाही. बातमी वाचली आणि भाव वाढवला, एवढंच.

या रब्बीला तेच मिसळ बियाणं पेरलंय, आता ते परत काढता येत नाही. पीक गुडघ्याला आलंय. निसवायला लागलं की जातिवंत ताटं हेरून शंभर कणसांना फुलोऱ्याआधी कागदी पिशव्या बांधणार आहे. ती कणसं यंत्रात न घालता हातानं बडवून वेगळी ठेवीन. माय सांगते की तिच्या माहेरी एका घरी अजून जुनी दगडी आहे. पायलीभर मिळाली तर तीही आणीन, पण ती पेरायची पुढच्याच साली.

मागच्या वर्षी ज्यांनी माझ्याकडून 'दगडी' नेली, त्यांनी मेसेज करावा. किलोमागचे दहा रुपये परत देतो. वही माझ्याकडं आहे, किलो मला माहीत आहेत. यंदाचा माल निघाल्यावर तो 'घरची रब्बी ज्वारी' म्हणूनच टाकीन, भाव मालदांडीचा. आणि कोणाकडं खात्रीची जुनी दगडी असंल तर दोन कणसं पाठवा, मायला चावून बघायचीत.