चपलेचा नंबर

शनिवार सकाळ. चहा झालाय, बायको अजून झोपलीय आणि लॅपटॉपवर चक्क ऑफिसचं काहीही उघडलेलं नाही. आजचा विषय जरा वेगळा आहे. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, पण दोन ओळी लिहून खोडायचो. का ते पुढे कळेलच.

माझं आजोळ रेवदंड्याचं. नारळ-सुपारीची वाडी, मागे विहीर, आणि या सगळ्याचा मालक-गडी-रखवालदार एकच, म्हणजे माझा मामा. 2011 साली पहिला पगार झाला तेव्हा मी त्याला चपला नेल्या होत्या. आठ नंबर. तेव्हापासून ती प्रथाच पडली. दर दोन-तीन वर्षांनी, गणपतीला जाताना मामाच्या चपला. पुढे पुढे तर ऑनलाइन मागवायचो. मामा फोनवर सांगायचा, "या वेळी नऊ आण रे, आठ चावते." मग दहा. मग अकरा. मी नंबर बदलायचो आणि पेमेंट करून मोकळा.

आता मला सांगा, पन्नाशीच्या माणसाचा पाय वाढतो का हो?

हा प्रश्न मला पडला नाही. कोणालाच नाही. मामाची साखर वाढली, तर "आमच्या घराण्यातच आहे". घोरणं वाढलं, तर "वय झालं". हात मुंग्या येऊन बधिर व्हायचे, तर "कोयता चालवून चालवून". अंगठी बोटात रुतली, तर "जाड झालास". आरती म्हणताना आवाज खर्जात गेला, तर तंबाखू. प्रत्येक तक्रारीला वेगळं कारण आणि वेगळी गोळी. माझ्या धंद्यात असं झालं असतं, एकाच दिवशी सहा मॉड्युल्स बिघडली असती, तर मी पहिल्यांदा विचारलं असतं की या सगळ्यांच्या खाली कॉमन काय आहे? पण आपला माणूस म्हटला की ही अक्कल कुठे जाते कोण जाणे.

शेवटी संशय घेतला तो एका दंतवैद्याने. 2022 च्या फेब्रुवारीत मामा दाढ दुखतेय म्हणून गेला होता. त्या बाई म्हणाल्या, "काका, या समोरच्या फटी पूर्वीपासूनच्या आहेत का? तुमचा जुना एखादा फोटो आहे का?" मामाने मला फोन केला. मी 2009 च्या गणपतीतला एक आणि 2021 चा एक असे दोन फोटो पाठवले. पाठवायच्या आधी शेजारी शेजारी लावून बघितले, आणि खरं सांगतो, पोटात गोळा आला. नाक, ओठ, भुवयांवरचं हाड, पुढे आलेला खालचा जबडा. तो वेगळाच माणूस होता. मी दिवसभर दोन फायलींतला फरक शोधून पगार घेतो. आणि हा फरक बारा वर्षं दर भाद्रपदात माझ्या शेजारी बसून मोदक खात होता.

आजाराचं नाव अ‍ॅक्रोमेगली. पिएर मारी नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी 1886 साली दिलेलं. मेंदूच्या तळाशी, तुर्की खोगिराची उपमा मिळालेल्या एका हाडाच्या खोबणीत पिट्युटरी (शाळेच्या पुस्तकातली पीयूषिका!) असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. तिच्यात एक गाठ होते. कॅन्सर नाही, साधीच, पण वाढीचं हार्मोन बनवत सुटते. ते लिव्हरला हुकूम सोडतं आणि लिव्हर आयजीएफ-1 नावाचं दुसरं रसायन ओततं. हे लहानपणी झालं तर माणूस ताडमाड उंच होतो. मोठेपणी हाडांची लांबी वाढायची दारं बंद झालेली असतात, मग ती जाड होतात. हात, पाय, जबडा. आणि आत हृदयसुद्धा. मामाची साखरही तिचाच प्रताप होता. हे सगळं इतकं सावकाश होतं की निदानाला वर्षानुवर्षं लागणं हेच नेहमीचं आहे, असं पुढे कळलं. त्याने अपराधीपणा कमी होतो असं मात्र नाही.

परळला, केईएमच्या एंडोक्रायनॉलॉजी ओपीडीत गेलो. मांडव्याहून रो-रोने भाऊचा धक्का, तिथून टॅक्सी. तपासणी मला फार आवडली, कारण ती अगदी आमच्या टेस्टिंगसारखी आहे. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजतात आणि दोन तास रक्त घेत राहतात. निरोगी माणसाचं वाढीचं हार्मोन गोडामुळे तळाला जातं. मामाचं जागचं हललं नाही. मग एमआरआय. त्याआधी अंगठी कापावी लागली. मामी तेवढ्यापुरती रडली. गाठ 14 मिलिमीटर. दहाच्या वर गेली की मोठी म्हणतात.

मामाने विचारलं, "डोकं उघडणार?"
"नाही काका, नाकातून."
"आणि नाही केलं तर?"

डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. गाठीच्या वरून डोळ्यांच्या नसा जातात, वाढली तर बाजूचं दिसेनासं होईल. हृदय थकेल. आयुष्य कमी होईल. प्रोलॅक्टिन बनवणारी गाठ असती तर बहुतेक वेळा आधी गोळ्याच देतात, पण या प्रकारात पहिला उपाय ऑपरेशन. मामा परतीच्या बोटीत एक शब्द बोलला नाही. मांडव्याला उतरल्यावर म्हणाला, "डिसेंबरात करू. सुपारी उतरवून होईल."

मी अर्थातच रात्र रात्र वाचत बसलो. नाकातून जायची वाट 1907 साली श्लोफर यांनी इन्सब्रुकमध्ये पहिल्यांदा काढली. अमेरिकेत हार्वी कुशिंग यांनी ती वापरली आणि पुढे सोडून दिली. मोठ्या माणसाने सोडल्यावर बहुतेकांनीही सोडली. पण त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एडिनबरोच्या नॉर्मन डॉट यांनी ती चालू ठेवली. त्यांच्याकडून पॅरिसच्या गियो यांनी घेतली, गियोंकडून माँट्रियलच्या हार्डी यांनी, आणि त्यांनी 1960 च्या दशकात तिला मायक्रोस्कोप जोडला. आता एंडोस्कोपही असतो. म्हणजे बहुतेकांनी टाकून दिलेला कोड कोणीतरी सांभाळला, म्हणून माझ्या मामाची कवटी उघडावी लागली नाही!

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. नाकामागच्या पोकळीतून शिरून हाडाला खिडकी पाडायची, गाठ खरवडून काढायची, मांडीतल्या चरबीने भोक बुजवायचं. नंतरचे दिवस जास्त काळजीचे. लघवी मापाने मोजत होते, कारण शरीरात पाणी धरून ठेवणारं हार्मोनही तिथूनच येतं. नाकातून स्वच्छ पाणी ठिबकलं तर लगेच सांगा. नाक शिंकरायचं नाही. वाकायचं नाही, ओझं नाही. "म्हणजे वाडीवाल्याने करायचं काय?" मामाचा प्रश्न.

चौथ्या दिवशी मामी म्हणाली, "अहो, तुमची बोटं बघा." खरंच, सूज उतरत होती.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण तीन महिन्यांनी आयजीएफ-1 अजून थोडं वरच होतं. गाठीचा एक कण मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला चिकटलेला होता, तो सर्जननी मुद्दाम सोडला होता. मी विचारलं, "काढता आलाच नसता?" ते म्हणाले, "आला असता. पेशंट टेबलावरून आला नसता कदाचित." मग मी गप्प. आता आठवड्यातून दोनदा गोळी, ठरलेल्या महिन्यांनी रक्त, वर्षाला एमआरआय. साखरेच्या गोळ्या निम्म्या झाल्या. आवाज तसाच आहे, जबडाही. वाढलेलं हाड परत लहान होत नाही.

काल त्या शॉपिंग साइटवर जुन्या ऑर्डर्स बघत होतो. आठ, नऊ, दहा, अकरा. सगळं तारीखवार. अख्खा आजार माझ्याच अकाउंटमध्ये पडून होता, पावत्यांसकट.

असो. यंदाच्या गणपतीसाठी फोन केला होता. मामा म्हणाला, "दहा आण. अकरा ढिली होते." मी लगेच ऑर्डर केली नाही. आधी म्हटलं, मामा, पाय जमिनीवर ठेव आणि मामीला फोटो काढायला सांग :)