तेलाचा माग

दिवाळी सरते न सरते तोच यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या गाड्या जिनिंगकडे धावू लागतात. पांढरकवड्याच्या माझ्या मामांचे वर्ष याच भाड्यांवर निघते. नेमका त्याच सुमारास त्यांचा म्हातारा ट्रक इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून तेल गाळू लागला. सुटीला गेलेल्या मलाही निदान ऐकायला मिळाले : क्रँकचे मागचे सील गेले!

हे सील म्हणजे एक लहानसे कडे. पण ते बसते फ्लायव्हीलच्या आड. तेथवर पोचायचे तर गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सारेच उतरवावे लागते. तसेच सोडावे, तर तेल क्लचप्लेटवर जाते आणि भरली गाडी चढ चढेनाशी होते.

म्हातारे मिस्त्री मात्र पान्याला हात लावीनात. म्हणाले, "भाऊ, तेल इथं टपकते, पण निघते कुठून, ते तं पाहू!"

त्यांनी इंजिन धुऊन कोरडे केले आणि गाडीला एक फेरी मारून आणविली. वरचे झाकण कोरडे, ओल मागेच. मग त्यांनी ब्रीदरची नळी काढली. ती काजळीने पार तुंबलेली! इंजिनातल्या वाफेला वाट नव्हती. तो दाबच तेलाला सीलबाहेर ढकलीत होता.

नळी साफ होताच धार थेंबावर आली. रोज तेलाची पट्टी पाहत मामांनी हंगाम निभावला. उन्हाळ्यात गिअरबॉक्स उतरला, तेव्हा जुन्या सीलने क्रँकवर पाडलेली खाच दिसली. मिस्त्रींनी नवे सील ती खाच चुकवून किंचित सरकवून बसविले. मामांनी त्यांना मजुरी दिली आणि वर नवे धोतरही नेसविले.