गोंदणाची शाई

आईच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण होतं. तुळस, विंचू, त्याच्या खाली ठिपक्यांची ओळ. खुरपून खुरपून तिच्या बोटांच्या रेघा पार झिजल्या होत्या. रेशनच्या मशीनवर शेवटी शेवटी अंगठा उठायचाच नाही. विंचवाची नांगी मात्र जशीच्या तशी. काळ्यानं काढलेली, दिसायला हिरवट-निळी.

शाया मी काही कमी बघितल्या नाहीत. शाळेत शाईच्या वड्या पाण्यात विरघळवून दौत भरायचो. बोटं निळी व्हायची, दोन आंघोळीत साफ. मतदानाची शाई त्याहून चिवट. 1962 पासून ती म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, उजेडानं काळं पडतं. पण वरची कातडी सुटली, नख वाढलं की तीही जाते. बिब्ब्याची खूण परीट कपड्यावर करायचे, ती कपडा फाटेपर्यंत हलायची नाही. तोच बिब्बा अंगाला लागला तर उततो आणि आठवडाभर झोप लागू देत नाही. कापडाला चालतं ते कातड्याला चालेलच असं नाही.

गोंदणारीण यातलं काहीच वापरायची नाही. पणतीवर खापर पालथं धरून काजळी धरायची, ती पाण्यात नाहीतर बाळंतिणीच्या दुधात कालवायची, कुणी पाल्याचा रस घालायची. तीन-चार सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या. टोचून झालं की वर हळद. पोरी बोंबलायच्या, आणि गोंदणारीण त्यांना बोलण्यात गुंतवून हात चालूच ठेवायची.

दूध, पाला, पाणी सगळं वाहून जातं. राहते ती काजळी. गावच्या डॉक्टरांनी मला हे समजावलं तेव्हा कुठं कोडं सुटलं. दौतीतली शाई विरघळलेली असते, ती आत गेली तरी अंग तिला बऱ्यापैकी धुऊन काढतं. काजळीचा कण विरघळत नाही. आतल्या कातडीतल्या पेशी तो गिळतात आणि धरून बसतात. ती पेशी मेली की दुसरी तोच कण उचलते. मशीननं काढणारे जी काळी शाई भरतात, तीही बहुधा काजळीच, फक्त कारखान्यातली. रंगीत शायांचं तसं नाही. लाल रंगाला पुष्कळांच्या अंगावर खाज उठते. युरोपात 2022 पासून टॅटूच्या शायांतल्या बऱ्याच रसायनांवर बंधनं आली. पुढं पुसायची वेळ आली तर लेझरनं काळा लवकर जातो, हिरवा-पिवळा हटून बसतो.

आता जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला मी नाही. एक वाटी आणि त्याच सुया सबंध आळीला फिरायच्या. यात्रेतल्या मशीनवाल्याकडं आजही तेच चालतं. सुई तीच, शाईची टोपी तीच, रांग मोठी. त्यातून कावीळ येते, एड्सही येऊ शकतो. आमच्या भावकीतल्या एका पोरानं तर कमालच केली. बॉलपेनची कांडी फोडून सुईनं दंडावर नाव टोचलं. तिसऱ्या दिवशी दंड सुजून भोपळ्यासारखा झाला, पू धरला. कागदासाठीची शाई, ती कुठं उकळलेली की गाळलेली? दहा दिवस इंजेक्शनं-गोळ्या झाल्या. नाव फुटून नुसता निळा डाग राहिला. पोलीस भरतीची तयारी करत होता, आता फुल बाहीचा शर्ट घालून हिंडतो.

आई गेल्यावर पुण्यात शिकणाऱ्या नातीनं विचारलं, "आबा, पणजीची तुळस हातावर काढून घेऊ?" तिच्या मोबाइलमध्ये पणजीच्या हाताचा फोटो होता.

म्हटलं, "तुझा हात, तू ठरव. पण काळ्यातच काढ. सुई तुझ्यासमोर पाकिटातून काढायला लाव, आणि शाई नव्या टोपीत ओतायला सांग. उरलेली बाटलीत परत ओतायला लागला तर उठून ये."

पहिल्या दुकानातून ती उठून आली. दुसऱ्या दुकानातली तुळस आता तिच्या मनगटावर आहे. अजून काळी कुळकुळीत दिसते.