पाठ बघून ये

अर्धापूर,
१२ एप्रिल

चि. बापू,

पुण्यातल्या त्या केंद्राचे तू पाठवलेले फोटो आणि व्हिडिओ पाहिले. बाग छान आहे, फरशी चकचकीत आहे, दारात तुळशीवृंदावन आहे. "आक्का, मायला इथं ठेवू का, हो की नाही तेवढं कळव," असं तू म्हणालास. तेवढंच कळवून भागणार नाही, म्हणून हे पत्र.

मायला बाहेर ठेवायचं याची मला लाज वाटत नाही, तूही वाटून घेऊ नकोस. खुब्याचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले, ती उठत नाही. तिला कुशीवर करायला दोन माणसं लागतात आणि माझे गुडघे आता साथ देत नाहीत. गावात लोक बोलतील. पण बोलणाऱ्यांपैकी रात्री दोन वाजता तिची चादर बदलायला कुणी येत नाही. मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची.

मामंजींचं तुला कधी पूर्ण सांगितलं नाही. लकवा मारल्यावर त्यांना आम्ही सात महिने एका ठिकाणी ठेवलं होतं. दर रविवारी अकरा वाजता आम्ही जायचो. अंघोळ, दाढी झालेले मामंजी पांढऱ्या सदऱ्यात खुर्चीवर बसलेले असायचे. आम्ही समाधानानं परतायचो. एका बुधवारी लग्नाहून येताना संध्याकाळी न सांगता गेलो. ते पलंगावर उताणे पडले होते, खालची चादर ओली होती. मी आणि ह्यांनी मिळून त्यांना कुशीवर केलं, तर माकडहाडावर तळहाताएवढी जखम. त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून कुणाला कळलं नाही. इतके रविवार मी त्यांचा चेहरा बघितला, पाठ एकदाही बघितली नाही. ते मला आजही विसरता येत नाही.

त्यानंतर मी याबद्दल मिळेल ते वाचलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं 'नोट्स ऑन नर्सिंग' १८५९ सालचं. अंथरुणावरच्या माणसाला अशी जखम झाली, तर दोष आजारापेक्षा बहुधा शुश्रूषेत असतो, असं तिचं मत होतं. हाडाखाली कातडी दबून राहिली की तिथलं रक्त थांबतं आणि कातडी मरते. ओलं राहिलं तर आणखी लवकर. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, म्हणजे दिवसरात्र मिळून बारा वेळा. आता हिशेब कर. अंथरुणाला खिळलेले वीस जण असतील, तर दोनशे चाळीस वेळा कूस बदलावी लागते, आणि बऱ्याच जणांना दोन माणसं लागतात. रात्री एकच मावशी असेल तर ती कितीही मायाळू असो, तिच्या हातून हे होणार नाही. म्हणून तिथं गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचार: रात्री पेशंट किती आणि माणसं किती? रात्रीच्या ड्युटीची वही दाखवायला सांग.

आपल्याकडे केळीचा व्यापारी बागेत येतो, तेव्हा रस्त्याकडेच्या झाडांवर भाव ठरवत नाही. तो आत मधल्या ओळीत शिरतो. तूही तसंच कर. ऑफिसात चहा घेऊन परत येऊ नकोस. सांगून जाऊ नकोस, आणि संध्याकाळी जेवणाच्या वेळी जा. ज्याला बोलता येत नाही, ज्याला भेटायला कुणी येत नाही, त्याच्या पलंगापाशी थांब. त्याची नखं वाढलीत का, ओठ सुकलेत का, पाण्याचा पेला त्याच्या हाताला लागतो का, ते बघ. भरवणारी मावशी घास गिळायला वेळ देते का, की ताट तसंच उचलून नेते? कवळी तोंडात आहे की डबीत? दुपारीही सगळे गाढ झोपलेले दिसले, तर झोपेची गोळी कुणाला, कुणाच्या सल्ल्यानं देतात ते विचार. कुणाचे हात बांधलेले दिसले तर पुढचं काही बघू नकोस, परत ये. मागू शकणाऱ्याला सगळीकडेच थोडंफार मिळतं. जो मागू शकत नाही त्याला काय मिळतं, त्यावरून ती जागा कशी आहे ते कळतं.

कागदही बघ. आजारी किंवा दुर्बल माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा करणारी जागा १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली येते. नोंदणीचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचं असतं. २०२१ च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रकही लावावं लागतं. ते 'आमचा नुसता वृद्धाश्रम आहे' म्हणाले, तर मग नळीवरचे पेशंट कसे घेता, असं विचार. अडचण आली तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, नंबर लिहून ठेव.

अमेरिकेत सरकार २००८ पासून नर्सिंग होमला एक ते पाच तारे देतं. तपासणीत काय आढळलं, माणसं किती आहेत आणि पेशंटची तब्येत कशी राहते, यावरून तारे ठरतात आणि ते कुणालाही बघता येतात. इथं आपल्यासाठी असे तारे कुणी लावून ठेवलेले नाहीत. तपासणी आपल्यालाच करावी लागेल, आणि एकदा करून संपणार नाही. आईबापांना टाकून देणाऱ्याला २००७ च्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड आहे. पण महिन्याचे पैसे वेळेवर भरून तिकडे न फिरकणाऱ्याला कुणी विचारत नाही. त्याला त्याच्याच मनानं विचारायला हवं.

म्हणून माझं म्हणणं असं. आधी एक महिन्यासाठीच ठेवू, वर्षाचे पैसे एकदम भरू नकोस. आठवड्यातून दोनदा, वार आणि वेळ बदलून, तू किंवा सूनबाई जा. दर वेळी सिस्टरला बरोबर घेऊन मायला कुशीवर करा आणि तिची पाठ, खुबे, टाचा बघा. ती संकोचेल, 'असू दे' म्हणेल, तरी बघा. दर महिन्याला वजन किती ते लिहून ठेवा. आणि एक सांग तिथल्या मावशीला: माय दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी खाते, भात नको म्हणते, आणि उजव्या कानानं तिला ऐकू येत नाही, डावीकडून बोलावं लागतं.

हे सगळं बघून मग मला हो की नाही कळव. तोवर माय इथंच आहे. आत्ता आम्ही तिला डाव्या कुशीवर करून आलो, पाठ स्वच्छ आहे.

तुझी,
आक्का