अंगणातला बोलपट

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या उचगावी उघड्या अंगणात बोलपट दाखवावयाचे ठरले व निवड माझ्याकडे आली. बेळगावपलीकडे सांबऱ्याचा विमानतळ. तेव्हा मुलांचा हट्ट विमानाचाच. मी चेतन आनंद यांचा १९७३ सालचा ‘हिंदुस्तान की कसम’ हा हवाई युद्धाचा पट सुचविला. शेजारच्या मावशी हळूच म्हणाल्या, “बाळा, माझा लेक हवाई दलात आहे. विमान पडलेले मला पाहवणार नाही रे.”

मी वरमलो. मग २०१६ सालचा ‘सली’ हा इंग्रजी पट निवडला. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कवर पक्ष्यांच्या धडकेने विमानाची दोन्ही एंजिने निकामी झाली. वैमानिक सलेनबर्गर यांनी ते हडसन नदीत उतरविले व सर्व १५५ जण वाचले. आत कोणी राहिले नाही, हे दोनदा पाहूनच ते बाहेर पडले. आरंभी विमान कोसळते ते केवळ वैमानिकाचे दुःस्वप्न, हे मी मावशींना आधीच सांगून ठेवले. त्या शेवटपर्यंत बसल्या.

वाचकहो, पडद्यावर काय दाखवावे याचा मी पुष्कळ विचार केला होता. पडद्यासमोर कोण बसणार, याचा मात्र केला नव्हता.