जनावराचा वाटा

६०० यार्डांवर, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतरावर, समोरच्या उतारावर एक म्यूल डियर चरत असतं. त्याचे लांबट कान सतत फिरत असतात. खालून वर चढणाऱ्या हवेतला वास नाक तपासत असतं. दोन-चार घास झाले की मान वर होते, आजूबाजूचं रान न्याहाळते, पुन्हा खाली जाते. लांडगे आणि पहाडी सिंह यांच्या धाकात हजारो पिढ्या जगून या जातीने कमावलेलं हे शहाणपण आहे. पण दरीच्या पलीकडे, दगडाआड पालथा पडून रायफल रोखलेला माणूस या शहाणपणाच्या आवाक्यातच येत नाही. तो दिसत नाही, त्याची चाहूल लागत नाही, त्याचा वास येत नाही. गोळी आवाजाच्या पुढे धावते, त्यामुळे बारसुद्धा त्या हरणाला आधी ऐकू येत नाही.

मी अमेरिकेच्या आयडाहो राज्यात राहते. इथे ऑक्टोबर लागला की ऑफिसातली कितीतरी माणसं रजा टाकून डोंगरात जातात, आणि पुढे थंडीत शेजारच्या घरून एल्कचं मांस आमच्याकडे येतं. मी बंदूक हातात धरत नाही; पण ते मांस घेते, शिजवते, आवडीने खाते. म्हणून ते जनावर कसं मेलं, हा प्रश्न माझाही आहे असं मी मानते. इथले शिकारी म्हणतात की रान आम्ही राखलं, आणि त्यात तथ्य आहे. परवान्यांचं शुल्क आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यापासून बंदुका-काडतुसांवरच्या करातून राज्यांना मिळणारा वाटा, यांवर इथली वन्यजीव खाती मोठ्या प्रमाणात चालतात. म्हणूनच याच लोकांमध्ये गेली काही वर्षं चाललेला वाद मला महत्त्वाचा वाटतो. वाद असा की, जिवंत जनावरावर किती लांबून गोळी झाडावी?

पूर्वी अंतर नजरेनेच अदमासायचं असे आणि अंदाजाची भीती माणसाला आवरून धरत असे. आता लेसरचा रेंजफाइंडर डोळ्याला लावला की अंतर आकड्यात दिसतं. फोनमधलं अ‍ॅप तापमान, हवेचा दाब आणि उताराचा कोन धरून गोळी किती खाली येईल ते सांगतं. स्कोपवरची चकती तेवढे खटके फिरवली की नेम तयार. २०१३ साली टेक्सासमधल्या एका कंपनीने तर याच्याही पुढची रायफल बाजारात आणली. लक्ष्यावर खूण करून घोडा दाबून धरायचा. नेम जुळेल त्या क्षणी बार आतला संगणक काढणार.

एवढं सगळं असलं, तरी गोळीला पोचायला वेळ लागतोच. सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास वेगाने निघालेली गोळी २०० यार्ड पाव सेकंदाच्या आत कापते. ६०० यार्डांना तिला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो, हजार यार्डांना सव्वा ते दीड सेकंद. चरणाऱ्या हरणाला एक पाऊल पुढे टाकायला एवढा वेळ पुरतो. वाऱ्याचा हिशोब तर आणखी अवघड. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा २०० यार्डांवर गोळीला दोन-तीन इंच सरकवतो. ६०० यार्डांवर तोच वारा तिला दीड-दोन फूट ढकलतो. छातीचा जो भाग भेदला की हरीण काही क्षणांत कोसळतं, तो जेमतेम नऊ-दहा इंचांचा. वाऱ्याचा अंदाज निम्म्याने चुकला, तर फुफ्फुसात जायची गोळी पोटात जाते. डोंगरात तर वारा एकसारखा नसतोच. नेम धरणाऱ्यापाशी एक, दरीच्या मध्यावर दुसरा, हरणापाशी तिसरा. पोटात गोळी बसलेलं हरीणही मरतं. पण कित्येक तास तडफडून, आणि बऱ्याचदा कुणालाही न सापडता.

न सापडण्यातही अंतराचाच मोठा हात असतो. जवळून बार टाकला तर जनावराने अंग कसं चोरलं, कुठल्या बाजूने पळालं, कुठल्या झुडपापाशी दिसेनासं झालं, हे डोळ्यांना दिसतं. दरीपलीकडचा शिकारी खाली उतरून पुन्हा वर चढेपर्यंत तासही जातो. तिथे पोचल्यावर हरीण नेमकं कुठे उभं होतं तेच कळत नाही, कारण दुरून एक दिसणारा उतार जवळून दहा उतार निघतो. रक्ताचे चार थेंब शोधायचे कुठे? मग नेम चुकला असं समजून माणूस परत फिरतो. ज्या जनावराला आपण मारलं, ते मारलं हेही त्याला कधी कळत नाही.

आम्हाला मांस देणारे शेजारी सत्तरीचे आहेत. त्यांचा नातू लांबच्या नेमबाजीत मुरलेला आहे. उन्हाळाभर तो रेंजवर असतो, प्रत्येक बाराची वहीत नोंद करतो. एकदा त्याने मला शांतपणे समजावलं. धापा टाकत, उभ्या उभ्या, २०० यार्डांवर घाईने गोळी झाडणाऱ्या हौशी माणसापेक्षा मी ६०० यार्डांवर जास्त भरवशाचा आहे; मग दोष अंतराचा की तयारीचा? त्याचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. सरावाशिवाय जवळून केलेला आततायीपणा हाही जनावरावर अन्यायच आहे, आणि वर्षातून एकदाच बंदूक बाहेर काढणाऱ्या कितीतरी जणांनी या मुलाकडून शिकावं. तरीही सराव ज्या गोष्टींवर चालतो त्यांच्यात हरणाचं पुढचं पाऊल येत नाही आणि दरीतला न दिसणारा वाराही येत नाही. ते पाऊल कधी पडेल हे हरणालासुद्धा आधी ठाऊक नसतं.

आणि समजा, गोळी दर वेळी बरोबर जागी लागली, तर? माझ्या दृष्टीने खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

याचं उत्तर शोधायला मला इथल्या इतिहासात जावं लागलं. १८७० च्या दशकात शार्प्स रायफली घेतलेले व्यापारी शिकारी गवताळ माळावर रानगव्यांच्या, म्हणजे बायसनच्या, कळपापासून शे-दोनशे यार्डांवर बसत. कळपाला वाट दाखवणारी मादी आधी पाडत. बाकीचे गवे गोंधळून तिथेच घुटमळत, कारण धोका कुठून येतोय हे त्यांना उमगत नसे. एका जागी बसून एक माणूस डझनांनी गवे लोळवी. कोट्यवधींच्या संख्येने असलेलं ते जनावर १८८० चं दशक संपेपर्यंत रानात काही शेकड्यांवर आलं. थिओडोर रूझवेल्ट १८८३ मध्ये गव्याच्या शिकारीसाठी डकोटात गेला, तेव्हा त्याला गवा शोधायला दिवस-दिवस भटकावं लागलं. १८८७ मध्ये त्याने जॉर्ज बर्ड ग्रिनेल आणि इतरांबरोबर बून अँड क्रॉकेट क्लब काढला. या क्लबने रुजवलेलं तत्त्व इथे ‘फेअर चेस’ म्हणून ओळखलं जातं. शिकाऱ्याने जनावरावर गैरवाजवी वरचढपणा मिळवू नये, हा त्याचा गाभा. हाच क्लब आज लांब पल्ल्याच्या नेमबाजीविरुद्ध उभा आहे. तो यार्डांचा आकडा ठरवत नाही. हत्यार आणि नेम किती लांब चालतो एवढंच जिवंत जनावरावर अजमावून पाहायचं असेल, तर त्याला शिकारीचा मान देऊ नये, असं तो म्हणतो.

कायदे चाळले की हाच विचार वेगवेगळ्या रूपांत भेटतो. अलास्कात विमानाने रानात उतरलेल्या शिकाऱ्याला, मोजके अपवाद सोडता, दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत मोठं जनावर मारता येत नाही. वरून हेरलेल्या जनावराला एक रात्र मिळते. पाणपक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनच काडतुसं मावतील अशी अडसर-गुल्ली बसवावी लागते. आमच्या आयडाहोत मोठ्या शिकारीची रायफल स्कोपसकट १६ पौंडांपेक्षा, म्हणजे सव्वासात किलोंपेक्षा, जड असून चालत नाही. त्यामुळे तोफेसारखी स्थिर हत्यारं डोंगरात येत नाहीत. बंदुकीवर इलेक्ट्रॉनिक साधन बसवायलाही इथे बंदी आहे, फक्त स्कोपमधल्या उजळणाऱ्या खुणेला सूट. युटाने २०२४ पासून ठासणीच्या बंदुकीच्या हंगामात दृश्य मोठं करून दाखवणारे स्कोप बंद केले. यामागे व्यवहारही आहे. यंत्रांमुळे जास्त जनावरं पडू लागली की खात्याला परवाने कमी करावे लागतात, आणि मग ज्यांच्याकडे महाग यंत्रं नाहीत त्यांची रानात जायची संधीही जाते.

आपल्याकडेही असाच विचार झाला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या मूळ सतराव्या कलमात वाहनातून शिकार करायला, कृत्रिम उजेड वापरायला, पाणवठ्यावर किंवा जनावरं मीठ चाटायला येतात त्या जागी शिकार करायला मनाई होती. १९९१ मध्ये शिकारच जवळजवळ पूर्ण बंद झाली आणि ते कलम गळालं. पण त्यामागची दृष्टी मला मोलाची वाटते. तहानेने येणारं जनावर पाण्यापाशी लाचार असतं आणि दिव्याने दिपलेलं जनावर जागचं हलत नाही, हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. या सगळ्या नियमांत शिकारी किती पटाईत असावा याचा उल्लेख नाही. जनावराकडे जे आहे, म्हणजे त्याचं नाक, कान, पाय, रात्र, ते त्याच्याकडे राहू द्या, एवढंच ते सांगतात. मी याला जनावराचा वाटा म्हणते. मोठं अंतर हा सगळा वाटा एकदम काढून घेतं.

माझ्या आईचे वडील, अण्णा, ७२ च्या आधी चांद्याकडे परवान्याने शिकार करत. त्यांच्या काळातल्या जीप आणि सर्चलाइटच्या शिकारीबद्दल ते चिडून बोलत. "पोरी, घायाळ जनावर रानात टाकून जो घरी येऊन जेवतो, त्याच्या पंगतीला मी बसत नसे," असं ते सांगत. यात दया होती तसा अनुभवही होता, कारण घायाळ जनावराची किंमत दुसरंच कुणीतरी मोजतं. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या वाघिणीचे उजवीकडचे वरचे-खालचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते. त्यामुळे तिला तिची नेहमीची शिकार करता येईना, असं त्याने लिहून ठेवलं आहे. तिच्या नावावर ४३६ माणसांचे बळी नोंदले गेले. ती पहिली गोळी झाडणाऱ्याला यातलं काही कधी कळलं असेल, असं मला वाटत नाही.

मग करावं काय? यार्डांची मर्यादा कायद्यात लिहून भागणार नाही; निर्जन दरीत ती मोजायला वनरक्षक कुठून येणार? पण हत्यारावर काय बसवावं, त्याचं वजन किती असावं, कुठल्या हंगामात कुठलं साधन चालावं, हे तपासता येतं, आणि ते कडक असावं असं मला वाटतं. जनावर किती लांबून पाडलं याची फुशारकी मिरवणाऱ्या चित्रफिती शिकाऱ्यांच्या संघटनांनी आणि हत्यारं विकणाऱ्यांनी नाकारायला हव्यात, कारण नव्या मुलांच्या मनात मोठेपणाचं माप तिथेच ठरतं. उरलेलं शिकाऱ्याच्या मनावर सोडावं लागतं. अमेरिकी निसर्गलेखक आल्डो लिओपोल्डने फार पूर्वी ओळखलं होतं की या खेळाला टाळ्या वाजवायला किंवा हुर्यो करायला प्रेक्षक नसतात. तिथे माणसाचं मनच पंच असतं.

त्या मनाला विचारायला एक साधा प्रश्न आहे, आणि शेजारच्या नातवालाही मी तोच विचारला: अजून जवळ जाता येईल का? येत असेल, तर वारा बघून, पोटावर सरपटत, तास लागले तरी जावं. त्यात जनावराला तुमचा वास येऊ शकतो, पायाखालची काटकी मोडू शकते, ते टेकडीपलीकडे उधळू शकतं. जवळ जाताच आलं नाही, तर बंदूक खाली ठेवावी. त्या दिवशी जनावर जिंकलं. ते जिंकू शकेल असे दिवस शिल्लक ठेवणं, हेच या सगळ्या नियमांचं काम आहे.