पिवळे पाय

आंबोलीच्या रानात तो आधी कानाला भेटतो. पहाटे पंखांची फडफड, मग 'कुक्-काया-काया-कुक्', आणि अगदी जवळ असलात तर शेवटी स्वतःशीच पुटपुटल्यासारखं 'क्युकुन, क्युकुन'. राखी रानकोंबडा. आवाजाच्या रोखानं पाऊल टाकावं तर कारवी हलते, पाचोळा वाजतो, संपलं. इतक्या वर्षांत माझ्या वाट्याला बहुतेक वेळा त्याची शेपटीच आली.

एकदाच, फेब्रुवारीत, तो वाटेवर आला आणि वाळवीसाठी माती उकरत राहिला. मानेवरच्या पिसांना जणू कुणी वितळलेल्या मेणाचे पिवळे थेंब लावले होते. मान वळली की ते चकाकायचे. याच थेंबांनी त्याचा घात केला. सामन मासा पकडायला विलायतेत गळाला जी नकली माशी बांधतात, तिला ही पिसं हवी असत. त्यापायी एके काळी या पक्ष्यांच्या मानाच्या माना परदेशी गेल्या. पावसाळ्यात तो हा साज उतरवतो आणि साध्या काळपट पिसांत वावरतो. बांबूचं किंवा कारवीचं बी पडलं की मात्र एरवी विखुरलेले हे पक्षी तिथे गोळा होतात.

पाळीव कोंबडीचा पूर्वज एकटा लाल रानकोंबडा, असं डार्विनचं मत होतं. ते बरंचसं खरंही आहे. पण 2008 साली जनुकं तपासली गेली आणि तिच्या पायांच्या पिवळेपणाचं मूळ राखी रानकोंबड्यात सापडलं. दाण्या-चाऱ्यातला पिवळा रंग मोडून टाकणारं विकर त्याच्याकडून आलेल्या जनुकाच्या वाणामुळे कातडीत फारसं तयार होत नाही, म्हणून रंग तिथेच मुरतो. राखी रानकोंबडा भारतीय द्वीपकल्पाबाहेर कुठेच नाही. म्हणजे केव्हातरी, इथल्याच रानाकाठच्या वस्तीत, त्याची नि पाळीव कोंबडीची गाठ पडली असणार.

हे वाचलं आणि आजीच्या खुराड्यातली तलंग आठवली. सकाळी झाप उघडली की हळदीत बुडवल्यासारख्या पायांनी ती आधी उकिरड्याकडे धावायची. ज्याला बघायला मी पहाटे दवात भिजत बसतो, त्याचा अंश लहानपणी माझ्या हातून दाणे टिपत होता!

त्याच्या शिकारीला 1972 च्या कायद्यानं बंदी आहे, तरी रानवाटांवर फासकी लागतातच. कारवीच्या बुंध्याशी तारेचा फास दिसला, तर तसाच सोडून पुढे जाऊ नका. वनखात्याला कळवा.